मुद्दाम ठेवलेली चूक

आमचं घर जुन्या जालन्यात, मस्तगडला. खाली सासऱ्यांचं कापडाचं ठोक दुकान, वर आम्ही आणि आमच्याही वर पत्र्याची एक खोली. लग्न झाल्यापासून मी त्या खोलीत दार लावून पुण्याच्या एका कंपनीचं काम करत होते. उन्हाळ्यात पत्रा तापला की लॅपटॉपच्या आधी माझंच डोकं बंद पडायचं.

काम म्हणजे काय, तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी सोबत टिपणही लिहायचं असतं: हा भाग काय करतो, त्यात काय घालायचं, त्यातून काय निघतं. ते टिपण बरोबर आहे का, हे तपासणारा वेगळा प्रोग्रॅम असतो. त्याला काही खटकलं की तो नुसता एक आकडा तोंडावर फेकतो. तो आकडा दिला की चूक समजावून सांगेल असं साधन आमची कंपनी बनवत होती, आणि त्यातला मजकूर मी लिहीत होते. प्रत्येक आकड्याखाली आधी चुकीचा नमुना, मग बरोबर.

त्यातच कंपनीनं कळवलं, घरून काम बंद. सोमवारपासून पुण्यात या, नाहीतर काम सोडा. मला जायचंच होतं. पण मी विषय काढला की सासरे मुकाट्यानं भाकरी मोडत राहायचे आणि सासूबाई म्हणायच्या, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, आणि परत विचारलं तर ते उलट बोलणं. नवरा वडिलांना दादा म्हणतो. तो म्हणायचा, "मी काय बोलू? दादांसमोर माझं तोंड न्हाई उघडत." दुकानात गिऱ्हाइकासमोर मात्र ते बंद होत नाही!

त्या आठवड्यात माझं एक पान सारखं परत येत होतं. चूक समजावायला चूक दाखवावी लागते, आणि दाखवली की तो तपासणारा प्रोग्रॅम मलाच चूक ठरवायचा. शेवटी वैतागून मी चुकीचा नमुना दुरुस्त केला. पान झटक्यात पास झालं. पुण्याहून माझं काम बघणाऱ्या बाईंचा फोन आला, त्यांना हसू आवरत नव्हतं. पानावर 'चूक' आणि 'बरोबर' असे दोन नमुने होते आणि दोन्ही अगदी सारखे.

"अगं, नमुन्याच्या वर एक ओळ टाक," त्या म्हणाल्या. "ही चूक मुद्दाम ठेवली आहे, असं आधीच सांगितलं की तो ती सोडून देतो."

फोन ठेवला आणि मला खालचं दुकान आठवलं. कापडाच्या ठाणात कुठं विणीचा दोष असला की त्या जागी काठाला रंगीत दोरा बांधलेला असतो. दोरा दिसला की कुणी भांडत नाही, कारण आधीच सांगितलेलं असतं.

संध्याकाळी जेवताना मी म्हणाले, "मामा, काठाला दोरा बांधून बोलते. चुकीचंच समजा, पण ऐकून घ्या."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "बोल."

"मला पुण्याला जायचंय. त्या खोलीत माझा जीव गुदमरून राह्यलाय. असंच चाललं तर एक दिवस मी तुमच्या सगळ्यांशी भांडीन."

नवऱ्यानं ताटात मान घातली. सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मंग जा की," ते म्हणाले. "हे असं आधीच बोलली असती तं कशाला एवढा घोळ?"

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. इतके दिवस मी काय भिंतीशी बोलत होते? सासूबाई या खेपेला 'बघू'सुद्धा म्हणाल्या नाहीत. उठून ताटं गोळा करायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान भरत असताना त्या जिना चढून वर आल्या. लग्नापासून त्यांना त्या खोलीत आलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्या खुर्चीत बसल्या, खिडकीतून खालची गल्ली पाहिली. मग उठून दार लोटलं आणि कडी लावून, काढून पाहिली.

"आतून बराबर लागती का गं ही?"

"लागते की, आत्याबाई."

"मंग जाताना ह्या खोलीची किल्ली दुकानात देऊ नको," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ दे."