मातेराच्या गुहेतला सलाम

आधी माफी मागतो. इथे लिहिणारे सगळे किती सराईत आहेत, आणि मी... आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. दोनदा लिहून डिलीट केलं. पण हे कुणाला तरी सांगायला हवं, म्हणून धीर करतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. बारावीपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात मराठी शाळेत शिकलो, आता दोह्यात सिव्हिल इंजिनिअरिंग करतोय. अब्बा इथे एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत. आम्ही कतारमध्येच अल खोरला राहतो.

एप्रिलमध्ये आमची स्टडी टूर होती. दक्षिण इटलीतलं मातेरा, डोंगर कोरून केलेलं शहर. निघायच्या पाच दिवस आधी मामूची लाँच बेपत्ता झाली. मामू म्हणजे अम्मीचा धाकटा भाऊ, माल वाहणाऱ्या लाकडी लाँचवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. शारजाहून निघाला, तो कुठे पोचलाच नाही. मी टूर रद्द करणार होतो. अम्मी म्हणाली, "तू हय बसलास म्हनून दर्या आटनार हाय काय? जा."

मातेरात तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, म्हणजे जुम्याच्या दिवशी सकाळी, अब्बांचा फोन आला. समुद्रात लाँचच्या फळ्या सापडल्या होत्या, माणसं नाहीत. गावच्या मोठ्यांनी ठरवलं होतं की त्या दिवशी मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, मामूची गायबाना जनाज्याची नमाज पढायची. मय्यत हाती लागत नाही तेव्हा आमच्याकडे अशी पढतात. अम्मी तयार नव्हती. "पन तिचा कोन ऐकतो," अब्बा म्हणाले.

त्या अवस्थेत मी ग्रुपबरोबर चालत होतो. दरीच्या कडेला घरांवर घरं, एकाचं छप्पर म्हणजे दुसऱ्याचा रस्ता. गाईड सांगत होता, सत्तरेक वर्षांपूर्वीपर्यंत या गुहांत माणसं राहायची, खेचरासकट. पावसाचं पाणी दगडातल्या टाक्यात साठवायची. साडेबाराच्या सुमारास आम्ही कडेच्या एका गुहेपाशी आलो. बाकीचे पुढे गेले. मागे मी आणि चिन्मय, माझा पुण्याचा वर्गमित्र.

आमच्याकडे रिकाम्या घरात शिरतानाही सलाम करतात. आत पाऊल टाकताच सवयीने तोंडातून निघालंच, "अस्सलामु अलैकुम."

चिन्मय बाहेरून हसला. "अरे, आत कोण आहे, घरमालक? भाडं मागेल हं!"

आणि आतून जवाब आला.

"वालेकुम सलाम, बाला. पानी हाय काय रं?"

मामूचा आवाज. घोगरा, फार थकलेला, पण मामूचाच. मला 'बाला' तोच म्हणतो.

घाबरलो म्हणावं तर नाही. डोक्यावरचा तो दगड, त्यावर कुण्या काळच्या माणसांनी मारलेले कुदळीचे घाव, दारातून आलेलं पांढरं ऊन... मोठ्या मशिदीत एकटं उभं राहिल्यावर वाटतं तसं झालं. आपण फार लहान आहोत, आणि कुणीतरी ऐकतंय.

चिन्मय आत आला. हसणं गेलं होतं. "आत मराठी कोण आहे? पाणी मागतंय कोणीतरी."

मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. एकच खोली. गव्हाण, भिंतीत कोनाडे, कोपऱ्यात कोरडं टाकं. दुसरं दार नाही, खिडकी नाही. मी माझी बाटली उघडून टाक्याच्या काठावर ठेवली. का, ते विचारू नका. पाणी मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

घड्याळ बघितलं. गावी चार वाजले असणार. बाहेर येऊन फोन लावला.

"अब्बा, गावी सांगा, नमाज नको."

"कोनाचा फोन आयला तुला?"

"मामूने सलामाचा जवाब दिला."

अब्बा हिशेबी माणूस, कारण सांगितल्याशिवाय स्टोअरमधून एक स्क्रू देत नाहीत. ते म्हणाले, "तू जेवलास काय?"

तेवढ्यात अम्मीने फोन घेतला. "जवाब दिलान? पुरा?"

"पुरा दिला. पाणी मागितलं."

"खलास. जित्याचा जनाजा पढत नाय कोनी."

तिने स्वतः गावी फोन करून नमाज थांबवली. गावात बोलणारे बोललेच — पोरगा शिकला आणि बिघडला.

टूरवरचे आमचे सर म्हणाले, गुहेत एको विचित्र येतो. मान्य. पण मी पाणी मागितलंच नव्हतं, तर एको कशाचा? चिन्मयला नंतर विचारलं तर म्हणतो, "मी ऐकलंय एवढंच मला माहितेय. पुढचं मला विचारू नकोस यार." अम्मीला मी खोटी आशा तर लावली नाही ना, या भीतीने पुढचे दिवस काढले. ती रोज एवढंच विचारायची, "पुरा दिलान ना?"

सोमवारी परत आलो. बुधवारी दुपारी ओमानमधून फोन आला. एका मालवाहू जहाजाला तराफ्यावर चौघे सापडले होते. मामू त्यांत होता, सलालाच्या हॉस्पिटलात, जिवंत. अम्मी मामूशी बोलली आणि तिने फोन माझ्याकडे दिला.

मी सलाम केला. मामू हळू आवाजात म्हणाला, "आदी सांग बाला, जुम्याच्या दिवशी दुपारी तू खय होतास?"