मास्तरांची कंबर

पडदा वर जातो. दहा बाय बाराचं शिंप्याचं दुकान. डावीकडे पायाचं शिलाई मशीन, उजवीकडे गिऱ्हाइकांसाठी उंच आरसा, मागे फुलाफुलांचा पडदा आणि पडद्यापलीकडे स्वयंपाकघर. मध्यभागी एक स्टूल. स्टूल दिसत नाही, कारण त्यावर मास्तर बसले आहेत.

मास्तर म्हणजे आमच्या नाटक कंपनीचे शिंपी. सोळाव्या वर्षी काजं करायला आले आणि कंपनी बंद पडली तेव्हा मशीन डोक्यावर घेऊन सगळ्यांत शेवटी बाहेर पडले. मी राजांच्या भूमिका करायचो म्हणून अजून मला ‘राजे’ म्हणतात. आता या राजाचं राज्य म्हणजे त्यांच्या दुकानातली एक लोखंडी खुर्ची. रोज सकाळी तिथे माझा दरबार भरतो, चहा वहिनी देतात.

मास्तरांच्या कलेतली एक खुबी सांगतो. नटाचा पोशाख शिवताना ते शिवणीच्या आत दोन-दोन इंच कापड जादा ठेवत. त्याला माया म्हणतात. नट सुटायला लागला की प्रयोगाआधी गुपचूप शिवण उसवायची, थोडी माया सोडायची आणि त्याला काही म्हणजे काही सांगायचं नाही. ‘पोट सुटलंय हे ज्याला कळलं, तो नट संवाद विसरतो,’ हे त्यांचं शास्त्र. कंपनीतल्या कितीतरी सुटलेल्या मंडळींची अब्रू त्यांनी अशी झाकली. माझ्यावर अर्थातच तशी वेळ आली नाही. पंचावन्नाव्या वर्षीही मी राजपुत्र करत होतो, आणि कोट तोच, पंचविशीतला.

तर या मास्तरांचा उजवा गुडघा गेला. मशीनचा पायटा मारला की कळ थेट डोक्यात. डॉक्टरांनी फोटो पाहिला, मग मास्तरांना पाहिलं आणि म्हणाले, “वजन एकशे चार. सहा महिन्यांत बारा किलो उतरवा, मग ऑपरेशन करतो. नाहीतर मशीन विका.”

मशीन विका! चाळीस वर्षं ज्याच्यावर पाय ठेवून घर चाललं, ते विका!

मास्तरांनी युद्ध पुकारलं. पहिल्या दिवशी बूट घेतले. दुसऱ्या दिवशी बुटांना शोभेल अशी पँट शिवली. तिसऱ्या दिवशी थकवा आला म्हणून विश्रांती घेतली. आरशावर मोबाइलमधली स्फूर्तिवचनं चिकटवली. ‘आजचा घाम, उद्याचं यश’ हे त्यातलं एक. त्यामुळे गिऱ्हाइकांना आरशात आपली मान तेवढी दिसे. डॉक्टरांनी दुधीचा रस सांगितला, तो ते न चुकता घेत, जेवणाव्यतिरिक्त. आणि रोज चालायला जात, बेकरीपर्यंत. बेकरीच्या पुढे रस्ता आहे, हे त्यांना मी सांगितलं तेव्हा खरंच आश्चर्य वाटलं त्यांना.

दोन महिन्यांनी घरच्या काट्यावर उभे राहिले. एकशे सहा.

मास्तर काट्यावरून उतरले. आरशावरची वचनं एकेक करून काढली आणि माप लिहायला मागची कोरी बाजू वापरू लागले. काटा माळ्यावर गेला. “राजे,” दुपारी म्हणाले, “मशीनला गिऱ्हाईक बघा. माझ्याच्यानं होत नाही.”

पडद्याआड भांड्यांचा आवाज थांबला.

आठवड्याभराने मी दुकानात पाऊल ठेवलं तर मास्तर स्टुलावर नाहीत! आरशासमोर उभे, पँटच्या कमरेत दोन बोटं घातलेली.

“राजे, सैल झाली!”

“काय सांगता!”

“बघा ना, बोटं जातात. मी काही न करता झाली, तर केल्यावर काय होईल!”

आणि केलं हो त्यांनी. बेकरीच्या पुढचा रस्ता पाहिला, मग पूल, मग पुलापलीकडची बाग. दर पंधरवड्याला पँट आणखी अर्धा इंच सैल. आता गिऱ्हाइकांना कपड्यांपेक्षा उपदेशच जास्त मिळे. शाळेतल्या एका बारीकशा बाईंना त्यांनी भात सोडायला सांगितला. “हिंमत लागते, बाई,” म्हणाले. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत.

सहा महिने भरले. दवाखान्यात मी सोबत गेलो, विजयाला साक्षीदार हवा ना. मास्तर रुबाबात काट्यावर चढले.

“एकशे एक,” नर्स म्हणाली.

“काटा बिघडलाय तुमचा.”

नर्स स्वतः चढली. काटा ठीक होता.

“तीनच किलो,” डॉक्टर म्हणाले. “आणखी तीन महिने देतो. शेवटचे.”

मास्तर तडक दुकानात आले. पडद्याआड गेले, टॉवेल गुंडाळून बाहेर आले. हातात पँट. ती उलटी केली, मागची शिवण उजेडात धरली. माणूस जगाच्या पाठी मोजत हिंडतो, पण स्वतःच्या पाठीमागे कोणता शिंपी बघतो? जुन्या टाक्यांच्या भोकांच्या सहा ओळी, एकीशेजारी एक. आत कापडाची कड तेवढी उरलेली.

“हे कुणी केलं?”

“कोण करणार? शेजारीण?” वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. “तुमची दुपारची झोप लागली की बसायचे.”

“कधीपासून?”

“मशीनला गिऱ्हाईक बघा म्हणालात ना, तेव्हापासून. तोंड बघवेना तुमचं.”

मला राहवेना. मी खुर्चीतून उठलो, आवाज लावला. “वहिनी, ही फसवणूक आहे! अहो, माणसाला आपल्या शरीराचं सत्य—”

“राजे, तुम्ही बसा,” मास्तर म्हणाले. “तुमच्या राजपुत्राचा कोट मी अकरा वेळा उसवलाय.”

मी बसलो. तो कोट धुण्यात सैल होत असणार, अशी माझी तेव्हापासूनची समजूत होती. पोट आत ओढलं, पण ते ऐकेना.

वहिनींनी कप मशीनवर ठेवला. “एकशे सहा होते. आज एकशे एक. पाच किलो काय मी उसवले?”

मास्तर स्टुलावर बसले, पँट मांडीवर पसरली. मग कानामागचा खडू काढला, शिवणीच्या आत इंचभरावर एक सरळ रेघ मारली आणि पँट वहिनींच्या हातात दिली.

“इथवर आत घे. आणि आता उसवायची नाही, मी रडलो तरी.”