रुपया पडला की जिलबी

सकाळी शटर वर ढकललं की शेजारचा गाळेवाला मोबाईल हातभर लांब धरायचा, एक डोळा मिटायचा आणि माझ्या गाळ्याकडे तोंड करून ओरडायचा, "राव, पडला!" त्या आवाजानं नाशिक फाट्यावरच्या गाड्या हिरव्या सिग्नललाही थांबायच्या. नवखा माणूस घाबरून विचारायचा, कोण पडलं, ॲम्ब्युलन्स बोलवू का? पडलेला असायचा रुपया.

भोसरीत आमचे गाळे भिंतीला भिंत लागून. माझं पावडर कोटिंग, म्हणजे लोखंडी मालावर भट्टीत रंग चढवायचं काम. तो सहा कामगार घेऊन पंपांचे पितळी भाग बनवायचा आणि अमेरिकेतल्या एकाच गिऱ्हाइकाला पाठवायचा. पैसे डॉलरमध्ये यायचे, म्हणजे रुपया घसरला की तेवढ्याच मालाचे याला जास्त रुपये. अख्खा देश हळहळत असताना हा गडी जिलबी वाटायचा. तुम्हीही नाना तऱ्हेचे लोक पाहिले असतील. पण पाकाचे हात चाटत "देशाचं वाईट झालं हो" म्हणणारा मी हा एकच पाहिला.

एका वर्षी रुपया असा कोसळला, की त्यानं जिलबीवाल्यालाच कढईसकट गाळ्यात आणून बसवलं. कढई तापलेली असतानाच गिऱ्हाइकाचा मेल आला. तुमचा रुपया स्वस्त झालाय, तर भावही उतरवा. आणखी स्वस्त मजुरीचा एक देश त्यांना सापडला होता म्हणे. मला तो नकाशात अजून सापडलेला नाही.

पितळाचा भाव डॉलरवर चालतो, ते आधीच महागलेलं. कापायला उरली फक्त मजुरी.

त्यानं सहाही जणांना बोलावलं. "एकाला काढावं लागतंय," म्हणाला, आणि पुढं नाव तोंडातून निघेना.

लेथ मशीन चालवणारा लातूरकडचा थोरला टर्नर म्हणाला, "माणूस काढू नका शेठ. पगार कापा. पण सगळ्यांचा सारखा कापा."

"माझापण?"

"तुमचा आधी."

सगळे हसले, तोही हसला. जिलबी मात्र कोणी घरी नेली नाही.

ऑर्डर टिकली, वर्षभर. मग गिऱ्हाइकानं तो उतरवलेला भावच नेहमीचा धरला आणि त्याच्याही खाली मागितलं.

मी म्हटलं, "एकदा विचारून तरी बघ, राव."

"कोणाला? गिऱ्हाइकाला, का ह्यांना?"

आणखी पगार कापू का, असं कामगारांना त्यानं विचारलं नाही. जमणार नाही, एवढंच गिऱ्हाइकाला कळवलं. तिकडून ना उत्तर आलं, ना पुढची ऑर्डर. महिन्याभरात सहाही जण चाकणला ठेकेदाराकडे लागले, आधीपेक्षा कमीच पगारावर.

लेथ उचलायला भंगारवाला क्रेन घेऊन आला, तर हा फडकं घेऊन मशीन पुसत बसलेला.

"शेठ, वितळवायलाच नेतोय. कशाला पुसताय?"

तो पुसतच राहिला. मग मशीनखालच्या ट्रेमधला पितळाचा कीस त्यानं ओंजळीत गोळा केला आणि टाकायला डबा शोधू लागला. डबा सकाळीच विकला गेला होता. क्रेन कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली, तरी हा ओंजळ तशीच धरून रिकाम्या गाळ्यात उभा होता.