एकशेसत्तावीस बसत नाही

आबा दवाखान्यात होते तेव्हा मी पार शिणून गेले होते. सकाळी नंदुरबारला शाळेत गणित शिकवायचं आणि दुपारी एसटीनं चिंचपाड्याला जाऊन वडलांच्या उशाशी बसायचं. त्यांच्या पोटातला आजार शरीरभर पसरला होता. ते मला आणि भावाला ठाऊक होतं, आबांना नव्हतं. "आबाले काही सांगू नको," भाऊ सुरतहून फोनवर म्हणायचा. सुरतेत बसून सांगायला काय जातं? त्यांच्या डोळ्यांत बघून रोज खोटं मला बोलावं लागायचं.

आबाही गणिताचेच मास्तर. पडल्या पडल्या त्यांना एक नियम सुचला होता. तीनच्या पुढची कुठलीही विषम संख्या घ्या, ती एक मूळ संख्या आणि दोन, चार, आठ, सोळा अशा दुप्पट होत जाणाऱ्यांपैकी एक, यांची बेरीज असते. एकवीस म्हणजे एकोणीस आणि दोन. तेवीस म्हणजे एकोणीस आणि चार. तोंडी करत करत ते एकशेपंचवीसपर्यंत पोचले आणि थकून झोपले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी दिसली होती.

परतीच्या गाडीत मी सहज पुढची संख्या घेतली. एकशेसत्तावीस. दोन वजा केले, मग चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. एकदाही मूळ संख्या उरली नाही. नियम कितीही ठिकाणी टिकला तरी एका प्रतिउदाहरणानं तो मोडतो, हे मला आबांनीच शिकवलं होतं. माझाच मला राग आला. कशाला करून बघायला गेले?

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच, "पुढे करी देखं का?"

"सगळं बसतं" म्हणून विषय संपवता आला असता. पण आणखी एक खोटं बोलायचं त्राणच माझ्यात उरलं नव्हतं.

"आबा, एकशेसत्तावीस बसत नही," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवत सगळ्या वजाबाक्या केल्या. "खरंच नही बसत," ते म्हणाले. मग माझा हात धरला. "तू खरं बोलनी. आते डॉक्टर काय म्हणनात, ते बी खरं सांग."

मी सांगितलं. सांगताना रडू आवरेना. आबांनी धरलेला माझा हात थोपटला.

"नियम चुकना. हाऊ अंदाज मातर मन्हा बरोबर निंघना," ते म्हणाले.