नारळांनी अडवलेलं तळं

भिवंडी स्टँडवरून एसटी सुटली, लूमचा खडखडाट मागे पडला आणि मला हायसं वाटलं. पडघ्याच्या पुढे माझ्या आत्याचं गाव. तिचा निरोप होता, 'नव्या कालव्याला पाणी सुटलंय, ये.' पाणी बघायला कोणी रजा टाकतं का, असं बायकोने विचारलंच. पण आत्याने यंदा प्रथमच उन्हाळी भाताचं आवण (लावणीची रोपं) टाकलं होतं, तेही नुसत्या सरकारी शब्दावर. विहिरीच्या तळातलं पाणी कळशीने घालून तिने ते जगवलं. गावाने तिला वेड्यात काढलं होतं. पाणी तिच्या शेतापर्यंत पोचलं नाही तर रोपं जळणार आणि वर हसं होणार.

पडघ्याला उतरून कालव्याच्या कडेने चालत निघालो. कालवा काठोकाठ वाहत होता. पाण्यावर झेंडूची फुलं तरंगत होती. मी खूश! गावाशी आलो, तर खालचं तळं मात्र कोरडं ठाक, आणि सगळा गाव कालव्यातून तळ्यात पाणी सोडणाऱ्या मोरीशी हात बांधून उभा.

मोरीच्या जाळीला नारळांचा ढीग अडकला होता. वरच्या प्रत्येक गावाने नव्या पाण्याची ओटी भरली होती. तिथले नारळ, खण, हार सारं वाहत येऊन इथे थांबलं होतं. आमचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत पुढच्या गावाला चाललं होतं.

"काढा की मग," मी म्हणालो.

"पान्याला वाहिलेला नारल माघारी घ्यायचा न्हाय," एक म्हातारबुवा गंभीरपणे म्हणाले.

तेवढ्यात आत्या स्वतःचं ओटीचं ताट घेऊन आली. तिने ढीग पाहिला, ताट माझ्या हातात दिलं आणि पदर खोचला.

"वाहिला तवा देवाचा व्हता. आता देवानंच आपल्या दारात धाडलाय. परसाद हाय तो, खावा."

ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि पहिलाच नारळ म्हातारबुवांकडे फेकला. त्यांनी तो झेलला, क्षणभर बघितला आणि दगडावर फोडला. मग काय, अर्धा गाव पाण्यात. ताट काठावर ठेवून मीही उतरलो आणि एक चप्पल कालव्याला वाहून बसलो. जाळी मोकळी झाली तसा पाण्याचा लोट तळ्यात शिरला. आत्या तिथेच उभी राहून रडली.

दुपारी तांदळाची भाकरी, सुकट आणि खोबरंच खोबरं. मी निघालो तेव्हा आत्या खाचरात लावणीसाठी चिखल करत होती.

"लावनी उद्या," ती मान वर न करता म्हणाली. "तांदूल न्यायला मोठी पिशवी आन."

सरकारच्या शब्दावर विसंबणाऱ्या बाईला गाव हसला होता. मी तिच्या शब्दावर विसंबलो. घरी पोचताच बायकोला बजावलं, वैशाखानंतर तांदूळ विकत आणायचा नाही.