कॅरमच्या खोलीतलं दार

माझी धाकटी बहीण अकरावीत असताना बोलायची थांबली. ताप नाही, भांडण नाही; जेवायची, निजायची आणि खिडकीशी बसली की बसूनच राहायची. वडील जबलपूरच्या डिफेन्स फॅक्टरीत, आम्ही क्वार्टरमध्ये. फॅक्टरीच्या दवाखान्यात न्यावं तर रांगेत पुढेमागे सगळे वडिलांच्याच ओळखीचे. कुणी सहज विचारलं, "भैया, बेटी को क्या हुआ?", तर वडील काय सांगणार? शेवटी नागपूरहून आलेल्या मावशीने निकाल लावला, "लग्न करून टाका, होते बरोबर." जवळच्याच पाटन गावचं स्थळ आलं आणि बहीण गेली.

पाटन काही लंकेत नाही. सकाळी बसने निघालं तर दुपारी घरी जेवायला परत येता येतं. पण ती माझ्या हाती पुन्हा लागली नाही. उन्हाळ्यात माहेरी यायची, न सांगता भांडी घासायची आणि जायची. लहानपणी आम्ही दोघी कॅरम खेळायचो. राणी घेतली की ती मला जीभ काढून दाखवायची, आणि मी चिडून सोंगट्या उधळायचे. ती जीभ मला पुन्हा एकदा बघायची होती. इतकी वर्षं झाली, दुसरं काही मागावंसं वाटलं नाही.

मी पुढे समुपदेशक झाले, ते याच हट्टाने. शहरातल्या चेरीताल भागात एका संस्थेने तरुणांसाठी केंद्र काढलं तेव्हा तिथे लागले. डॉक्टर, समुपदेशक, अभ्यासाची खोली, नोकरीची माहिती, सगळं एकाच छपराखाली, म्हणजे पोराला दारोदार हिंडून तेच रडगाणं गावं लागू नये. बाहेर पाटीवर काय लिहायचं, हे आम्ही पोरांनाच विचारलं. "कुछ मत लिखो, दीदी," पोरं म्हणाली. म्हणून रस्त्याकडून आत आलं की आधी कॅरमची खोली. बघणाऱ्याला वाटावं, पोरं उंडारायला आलीत. माझ्या खोलीचं दार त्या खोलीतूनच उघडायचं, आणि आत कोण कधी गेलं याकडे कुणी बघत नसे.

मग भोपाळहून समिती येणार असं कळलं. तरुणांच्या मानसिक आरोग्याचं राज्याचं धोरण ठरत होतं; आमचं काम पटलं तर जिल्ह्याजिल्ह्यात अशी केंद्रं निघणार होती. आणि साहेब येणार म्हटलं की जबलपूरच्या माणसाच्या अंगात येतं! खोव्याची जलेबी आली, भेट द्यायला भेडाघाटचे संगमरवरी हत्ती आले, झेंडूच्या माळा आल्या. आणि त्या उत्साहात आमच्या संचालकांनी रस्त्यावरून दिसेल असा भला मोठा बॅनर दारावर लावला: युवा मानसिक स्वास्थ्य केंद्र में आपका हार्दिक स्वागत है. आम्ही सगळ्यांनी हौसेने त्याखाली फोटोही काढले.

समिती आली. खोली रिकामी. कॅरमवर पावडर पसरलेली, खेळायला चिटपाखरू नाही. "बच्चे कहाँ हैं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मी दारात आले. समोर चहाच्या टपरीशी आमची रोजची एक मुलगी उभी होती. तिने बॅनर वाचला, ओढणी तोंडावर घेतली आणि मागे वळली. माझी बहीण अशीच वळून गेली होती, आणि तेव्हा तिला थांबवायला कुठलं दारच नव्हतं. मी स्टूल ओढलं, पाहुण्यांच्या देखत बॅनर उतरवला आणि त्या मुलीला हाक मारली. संचालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग मी साहेबांना बहिणीची गोष्ट सांगितली, अगदी जिभेपर्यंत. त्यांच्या हातातली जलेबी हातातच राहिली.

हळूहळू पोरं आली. ती मुलगीही आली, साहेबांसमोर बसली आणि म्हणाली, "सर, इलाज बाद में लिखना. पहले दरवाज़ा लिखिए."

पुढे धोरण आलं. त्यात दार होतं! सगळ्या सेवा एका छपराखाली, बाहेर आजाराची पाटी नको, ठरवताना तरुणांना विचारावं. मी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्याच्याच खाली वयाची अट होती, पंचवीसपर्यंत. तीही वाचली.

यंदा आईचे डोळे दाखवायला बहीण पाटनहून आली. केसांत पांढरं दिसायला लागलंय तिच्या. आईला घरी सोडून मी तिला केंद्रात घेऊन गेले. "चल, कॅरम आहे तिथे," एवढंच सांगितलं. पोरांनी "आओ आंटी" म्हणत जागा केली. हात विसरला नव्हता. दोन खेळ्यांत राणी तिच्याकडे. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. जीभ काही निघाली नाही.

ती आतल्या दाराकडे बघत होती. "ताई, तिकडं काय करून राहिले तुम्ही लोक?"

"बसतो, बोलतो. नाही बोललं तरी चालतं."

तिने बोटांची पावडर पदराला पुसली. बराच वेळ पुसत राहिली.

"मंग हे तवा काहून नव्हतं, ताई?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पंचवीसची अट मला पाठ होती. मी उठून दार उघडलं, आणि ती आत गेली.