बंडू पेटीत आहे ना?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रोज त्याच टेबलावर त्याच माणसांसोबत जेवलं की ते आपोआप साचतात. सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागात, खाण्याचे स्टॉल असलेल्या हॉकर सेंटरमधल्या आमच्या मराठी टेबलावरचे निम्मे किस्से एकट्या अजिंक्यचे आहेत.

तो ऑफिसात नवीन आला तेव्हा शीतलने सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"पुण्यात आई आणि बंडू."

"बंडू म्हणजे भाऊ?"

"साप!"

शीतल ट्रे उचलून थेट पलीकडच्या टेबलावर जाऊन बसली. सिंगापूरमध्ये साप पाळायला मनाई आहे, तो इथे येणं शक्यच नाही, असं समजावून तिला परत आणावं लागलं.

*

बंडू कॉर्न स्नेक आहे. परदेशी जात, कागदपत्रं रीतसर, स्वभाव गरीब, फार मोठाही होत नाही. पहिल्यांदा साप पाळणाऱ्याने हाच घ्यावा, असं अजिंक्य सांगतो. निवडताना त्याने आईलाही सोबत नेलं होतं.

विकणारा म्हणाला, "काकू, हा चावला तरी विषारी नाही."

"म्हणजे चावतो!" आई म्हणाली.

पुढे अजिंक्यला इथली नोकरी लागली. वडील आधीच गेलेले. त्यामुळे साप राहिला आईकडे!

*

आई पक्की शाकाहारी. पण फ्रीझरमध्ये बंडूचे गोठवलेले उंदीर. आठवड्याला एक बाहेर काढायचा, कोमट पाण्यात नरम करायचा आणि लांब चिमट्याने द्यायचा. हात बंडूला लावायचा नाही, ही आईची अट.

कुणी भलताच डबा उघडू नये म्हणून तिने वर लिहून ठेवलं, 'अजिंक्यचं खाणं'. भिशीच्या दिवशी एक बाई बर्फ शोधायला गेली आणि तिने नेमका तोच उघडला.

आईचा फोन आला, "अरे, सोसायटीत सगळे विचारताहेत, मुलगा तिकडे काय काय खातो?"

*

मध्ये बंडूने खाणं सोडलं. इकडे अजिंक्यचा चिकन राइसही तसाच गार व्हायचा. एकदा फोनवर डॉक्टरला इंग्रजीत "अजून खात नाही" सांगताना आमच्या सिंगापुरी बॉसने ऐकलं.

"केवढा आहे?"

"चार वर्षांचा."

"आइया, या वयात पोरं अशीच असतात लाह! जा, घरी जाऊन ये." बॉसने लगेच रजा द्यायची तयारी दाखवली.

त्याच संध्याकाळी आईने कळवलं, "कात टाकायची होती त्याला. आता खाल्लं. तूही जेव."

*

मग अजिंक्यने बंडूच्या काचेच्या पेटीसमोर कॅमेरा लावून घेतला. रोज जेवताना फोन उघडून बघत बसायचा. शीतलच्या लक्षात आलं की हा सापाकडे बघतच नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात आईची खुर्ची दिसते, तिकडे बघतो.

"आईला चक्कर येते आणि ती सांगत नाही," तो म्हणाला. "तिच्यासाठी कॅमेरा लावू देईना. म्हणून बंडूसाठी लावला. इकडे ये म्हटलं तर म्हणते, त्याला कोण बघेल?"



*

गेल्या महिन्यात त्याने जेवताना फोन उघडला तर खुर्ची रिकामी. पेटीचं झाकण उघडं आणि बंडूही नाही. आई फोन उचलेना. अजिंक्यने शेजारच्या जोशीकाकूंना फोन लावला.

त्यांच्याकडे किल्ली होती. त्यांचा पहिला प्रश्न, "बंडू पेटीत आहे ना?"

"आहे," अजिंक्य म्हणाला. आम्ही चौघं स्क्रीनकडे बघत होतो.

काकू आल्या, पेटी बघितली आणि किंचाळून सोफ्यावर चढल्या. तेवढ्यात भिंतीला धरत, पाय ओढत आई आतून आली. मनगटावर बंडूचा वेढा! ती खुर्चीत बसली, दम घेतला आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली,

"खूप गरगरायला लागलं रे. फोन स्वयंपाकघरात होता, तिथवर जाववेना. म्हणून याला बाहेर काढलं आणि आत जाऊन आडवी झाले. म्हटलं, मी नसले तर तुला कळणार नाही, हा दिसला नाही की तू लगेच फोन करशील."